माइकचं तोंड दाराकडे

सकाळची घाई ओसरली होती. नवरा डबा घेऊन कामावर गेला होता, दूध तापवून झाकलं होतं, धुणं दोरीवर पडलं होतं, आणि सूनबाईने रोजच्यासारखं घराला गप्प करायला घेतलं होतं. आधी फ्रीजचं बटण बंद. मग पंखा. भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात, दोन उशांच्या मध्ये. गळक्या नळाखाली ओला फडका. दाराच्या घंटीची तार तर तिने केव्हाच सोडवून ठेवली होती. एवढं झालं की आतल्या खोलीत जायचं, दार लावून घ्यायचं, कोपऱ्यातल्या जाड पडद्यांच्या आत शिरायचं आणि माइकसमोर बसून, कुणाला तरी गुपित सांगावं तशा आवाजात, पुस्तक वाचायचं.

सूनबाई म्हणण्यासारखं तिचं वय आता राहिलं नव्हतं. कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. पण ती या घरात आली तेव्हा नवऱ्याच्या आत्यांनी जी हाक मारली ती तशीच चिकटली, इतकी की कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही तिला सूनबाईच म्हणायचा.

आज घर खरोखरच शांत होतं. आत्या नव्हत्या. आत्या नाहीत म्हणून घर शांत आहे, हा विचार मनात आला की तिचं वाचता वाचता वाक्य अडखळायचं, आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागायचं. आजही तसंच झालं. कादंबरीतल्या दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी वादळात होडी शोधायला निघाली होती, तिला किनाऱ्यापर्यंत नेऊन सोडावं म्हणून सूनबाईने श्वास घेतला, आणि बाहेर कुणीतरी दार वाजवलं.

टक् टक्. अगदी हळू. जणू दाराला लागू नये म्हणून जपून.

तिने कपाळाला हात लावला आणि उठली. रेकॉर्डिंग बंद करायचं मात्र राहूनच गेलं.

दारात कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स उभी होती. हातात घडी केलेला पांढरा कोट. तिने आधी सूनबाईच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं आणि मग कुजबुजली, “आत्या आहेत?”

“तुमचा घसा बसलाय का?” सूनबाईने विचारलं.

“नाही हो!” नर्स तशीच कुजबुजत म्हणाली. “आत रेकॉर्डिंग असतं ना या वेळी. आत्यांची आम्हा सगळ्यांना ताकीद आहे. दार वाजवायचं तर बोटाच्या पेराने, आणि बोलायचं तर कानात. मागे ते पोस्टातले काका पँट उंच करायला आले आणि दारात शिंकले, तर आत्यांनी त्यांचं माप जिन्यात घेतलं. म्हणाल्या, शिंका सगळ्या तिथे उरकून घ्या, आमची सून आत पुस्तक वाचतेय.”

सूनबाईला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

“आत्या गेल्यात त्यांच्या भाचीकडे. हवापालटाला,” ती म्हणाली.

“भाचीकडे म्हणजे त्या पलीकडच्या पेठेतल्या? तिथली हवा कधीपासून वेगळी झाली?” नर्सने भुवया उंचावल्या, मग स्वतःच सावरून घेतलं. “बरं, असू दे. कोट ठेवून जाते. खांद्यात काचतोय. घाई नाही, आत्या आल्या की करतील. दुसऱ्या कुणाच्या हातचं मला बसत नाही.”

ती गेली. तीही जिना उतरताना चपला हातात घ्यायच्या बाकी, इतक्या हळू गेली.

कोट ठेवायला सूनबाई पॅसेजमध्ये आली. आत्यांचं मशीन तिथे, बाथरूमचं दार आणि चपलांचं कपाट यांच्या मध्ये, भिंतीला टेकून उभं होतं. त्यावर झाकण. झाकणावर आत्यांनी जाताना घातलेला फुलाफुलांचा कापडी अभ्रा, चारही कोपरे नीट ओढलेले. त्या अभ्र्यावर कोट ठेवायला तिचा हात होईना. कुणी तरी झोपलंय आणि त्याच्या अंगावर आपण ओझं टाकतोय असं वाटलं. शेवटी तिने तो खुंटीला अडकवला.

या घरात त्या मशीनचं वय तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त होतं. आत्यांचा संसार फार लवकर आटोपला. त्या मशीन घेऊन भावाच्या घरी आल्या, म्हणजे सामानात तेवढंच आणलं. पुढे भावजय गेली, आणि भावाची दोन पोरं आत्यांच्या पदरात पडली. दिवसा पोरं सांभाळायची, पोरं शाळेत गेली की मशीनवर बसायचं. चेन बदलणं, बाही उसवणं, पडदे, उशांचे अभ्रे, गणवेश, वाढत्या पोटांना सैल करून दिलेल्या पँटी, असं सगळ्या गल्लीचं अंग आत्यांच्या हाताखालून गेलेलं. म्हणून त्यांना सगळे शिवणआत्या म्हणायचे. काम करताना त्यांना कापडाशी बोलायची सवय होती. “सरळ चल की गं बाई, कुठे निघालीस?” असं त्या पडद्याच्या काठाला म्हणायच्या. एखादी जाड विजार सुईखाली अडली की “घ्या, रुसले महाराज!” सूनबाई नवीन होती तेव्हा तिला वाटायचं, खोलीत कुणीतरी पाहुणे आलेत.

आणि या आत्यांनीच तिला वाचायला लावलं होतं. दुपारी हातशिलाई करताना सूनबाईने वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, मग गोष्टी, मग लायब्ररीतल्या कादंबऱ्या. “तू वाचलंस की मला माणसं दिसतात,” त्या म्हणायच्या. पुस्तकं आवाजात काढणाऱ्या एका कंपनीला घरबसल्या वाचणारे हवेत असं कळलं, तेव्हा सूनबाई आठवडाभर नुसती मनात घोळवत बसली. “अर्ज कर नाही तर तुझ्या नावाने मीच करते,” आत्यांनी दम दिला. नमुना मोबाइलवरच वाचून पाठवला. कंपनीने घेतलं, पण सांगितलं, मोबाइल चालणार नाही, माइक हवा.

मग माइक निवडणं आलं. नवऱ्याने एक बघितला, म्हणाला हा घे, आणि विषय संपवला. सूनबाईला तसं जमेना. ती साडीच्या दुकानातही काठ उलटून बघणारी. तिने रोज जेवणं आटोपली की मोबाइलवर माइकांच्या तुलना ऐकायला सुरुवात केली. कुणी म्हणे हा घ्या, कुणी म्हणे तो घेतलात तर पस्तावाल, आणि सगळे एकाच वाक्यावर यायचे: परवडेल असा कंडेन्सर. शेवटी आत्या म्हणाल्या, “कापड कधी फोटोत बघून घेतात का? चल, हात लावून बघू.”

वाद्यांच्या दुकानात दोघी गेल्या. काचेच्या कपाटातल्या मोठ्या माइकांकडे दोघींनी बघून न बघितल्यासारखं केलं. गळ्यात हेडफोन अडकवलेल्या दुकानदाराने त्यांच्या ऐपतीतले दोन काढून, एका छोट्या बंद खोलीत मांडून दिले.

“हा डायनॅमिक,” तो म्हणाला. “याला तोंडाजवळचंच ऐकू येतं. मागे कुणी भांडी आपटली तरी याला त्याचं सोयरसुतक नाही. आणि हा कंडेन्सर. स्वस्तातला आहे, पण कान तिखट. तुमचा श्वास, ओठ उघडल्याचा आवाज, शेजारच्या खोलीतली कुजबुज, काही सोडत नाही.”

सूनबाईने दोन्हींवर तोच उतारा वाचला. पहिल्यात तिचा आवाज पांघरुणाखालून बोलल्यासारखा आला. दुसऱ्यात असा आला, की आपण अशा बोलतो हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तिने हेडफोन आत्यांच्या कानाला लावले.

आत्यांनी डोळे मिटून दोन्ही ऐकलं. मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. “ही तू आहेस. ती पहिली कुणी तरी कचेरीतली बाई होती.”

“घर कसंय तुमचं?” दुकानदाराने विचारलं. “म्हणजे आवाज वगैरे? नाही तर हा डोक्याला ताप होईल. मग डायनॅमिकच बरा.”

“नाही हो, आम्ही तिघंच,” सूनबाई म्हणाली. “घर शांत असतं.”

शेजारी आत्या उभ्या होत्या. दिवसभर खडखडणारं ते मशीन तिला त्या क्षणी आठवलंही नाही. इतकी वर्षं ते घरात होतं की तिला ते ऐकू येणंच बंद झालं होतं. आत्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग दुकानदाराला म्हणाल्या, “हो. शांतच असतं.”

आज पॅसेजमध्ये उभं राहून तिला ती नजर आठवली आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

पुढचं तर आत्यांनी आपल्या हाताने केलं होतं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भोवती कापडं हवीत असं कळलं, आणि घरात कापडांची जागा एकच होती: आतल्या खोलीतला आत्यांचा खिडकीजवळचा कोपरा, गाठोडी आणि ताग्यांनी भरलेला. “घे की मग,” आत्या म्हणाल्या. “माझं मशीन काय, कुठेही चालतं.” ते पॅसेजमध्ये गेलं. उरलेल्या तुकड्यांच्या मध्ये कापूस भरून, उभ्या आडव्या टिपा मारून आत्यांनीच ते जाड पडदे शिवले. स्वतःला बाहेर ठेवणारे पडदे. तेव्हा हे कुणाच्याच मनात आलं नाही.

माइक तेवढा सूनबाईने स्वतः बसवला. त्याच्या जाळीखाली एका बाजूला कंपनीची चांदीची खूण होती. तिने ती बाहेरच्या बाजूला, दाराकडे येईल अशी फिरवली. स्वयंपाकघरात तिच्या बरण्या बघाव्यात, प्रत्येकीवरचं नाव समोर, एकही तोंड फिरवून बसलेली नाही. वस्तूचं नाव येणाऱ्याला दिसलं पाहिजे, हे तिच्या हातालाच ठाऊक होतं. त्यासाठी तिला विचार करावा लागत नसे.

पहिल्या रेकॉर्डिंगपासूनच तक्रारी सुरू झाल्या. कंपनीत ऐकून तपासणाऱ्या एक बाई होत्या, त्या गोड शब्दांत परत पाठवायच्या. आवाज लांबून येतोय. मागे घरातले आवाज आहेत. सूनबाईला वाटलं, स्वस्तातला माइक, त्याला दमच कमी असणार. तिने आवाज वाढवायचं बटण फिरवलं. तिच्या आवाजाबरोबर घरही वाढलं. फ्रीज गुरगुरायला लागला, घड्याळ ठोके मारायला लागलं, आणि पॅसेजमधलं मशीन तर आगगाडीसारखं कानावरून जायला लागलं.

मग एकेक करून बंद झालं. फ्रीज, पंखा, घड्याळ, घंटी. आणि मग आत्या. “आत्या, मी वाचतेय तेवढा वेळ मशीन नको हं.” “आत्या, गिऱ्हाइकांना दुपारी यायला सांगता का?” “आत्या, तुम्ही आत्ता काही बोललात का? आलंय बघा त्यात.” दर वेळी आत्या म्हणायच्या, “बरं.” दर वेळी रेकॉर्डिंग परत यायचं.

आणि मग ती सकाळ. एक अख्खं प्रकरण न अडखळता वाचून होत आलेलं, शेवटची दोन वाक्यं राहिलेली, आणि बाहेर कात्री फरशीवर पडली. सूनबाई दार उघडून बाहेर आली. स्वतःचा आवाज तिला अजून ऐकू येत होता, माइकने टिपल्यासारखा स्वच्छ.

“आत्या, या घरात मला घटकाभर तरी शांतता मिळणार आहे का? का मीच कुठे तरी निघून जाऊ?”

आत्या वाकून कात्री उचलत होत्या. “सटकली गं हातातून,” एवढंच म्हणाल्या, आणि कात्री घडी केलेल्या टॉवेलवर ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. “भाची केव्हाची बोलावतेय. जाऊन येते जरा.” रात्री नवऱ्याने विचारलं, “आत्या अशा अचानक का गेल्या? तू काही बोललीस?” सूनबाई म्हणाली, “छे, मी काय बोलणार?” आणि घास तोंडात फिरत राहिला.

कोट खुंटीला लटकत होता. ती आतल्या खोलीत परत आली. रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. तिने ते थांबवलं आणि दार वाजल्याचा तुकडा कापायला हेडफोन कानाला लावले.

तिचा आवाज आला, नेहमीसारखा, विहिरीतून बोलल्यासारखा. आणि मग टक् टक्. इतकं स्वच्छ, इतकं जवळ, की तिने दचकून मागे पाहिलं.

ती परत मागे गेली आणि पुन्हा ऐकलं. नर्सने बोटाच्या पेराने वाजवलेलं दार. मध्ये पूर्ण पॅसेज, मध्ये खोलीचं बंद दार. आणि ते ऐकू येतंय तिच्या तोंडापेक्षा स्पष्ट, जे माइकपासून वीतभर अंतरावर होतं. नर्सची कुजबुजसुद्धा येत होती. “शिंका सगळ्या तिथे उरकून घ्या.” शब्द न् शब्द.

स्वस्तातला असो नाही तर बहिरा असो, हे कुठलं ऐकणं?

ती माइककडे बघत बसली. मग तिने समोरून चुटकी वाजवली. मागे हात नेऊन, त्या चांदीच्या खुणेसमोर, तशीच चुटकी वाजवली. ऐकलं. समोरची लांबून आली, मागची थेट कानात. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांचा एक कागद होता, त्या दिवशी तो न उघडताच तसाच ठेवला होता. त्यात चित्र काढलेलं होतं: खूण असलेली बाजू बोलणाऱ्याकडे. मागची बाजू ऐकत नाही.

इतके दिवस माइकचं तोंड दाराकडे होतं. ती त्याच्या पाठीशी बोलत होती, आणि तो डोळ्यात तेल घालून पॅसेजमध्ये बसलेल्या म्हाताऱ्या बाईवर पहारा करत होता.

तिने माइक फिरवला. बटण खाली आणलं. दोन ओळी वाचल्या. हेडफोनमध्ये दुकानातला तो आवाज आला, भरलेला, जवळचा. मागे काही नाही. तिने उठून दार उघडलं, फ्रीज लावला, पंखा लावला, परत वाचलं. तरी जवळजवळ काही नाही.

तिला रडू आलं नाही. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसं आधी काय काय गेलं ते बघतो, तशी ती जुनी, परत आलेली रेकॉर्डिंग उघडून बसली. आजवर तिने ती स्वतःच्या आवाजासाठी ऐकली होती, आणि बाकी सगळा त्रास म्हणून. आज तिने बाकीचं ऐकलं.

पहिल्या काही दिवसांत मशीनची धडधड होती आणि त्यावर आत्यांचं बोलणं. “चल बाई, वळण आलं.” पुढे धडधड बंद झाली. त्या जागी एक वेगळाच आवाज यायला लागला, टक... टक... टक... मोठ्या खंडाने. तिला आधी कळेचना. मग कळलं. आत्या पाय न लावता मशीनचं चाक हाताने फिरवत होत्या, एकेक टाका मोजून घालावा तशा. पुढे कापडाशी बोलणं कुजबुजीत उतरलं. “हळू गं. हळू. ऐकतात आपल्याला.” त्याच्याही पुढे ते बोलणं थांबलं. नुसता श्वास, दोरा दाताने तोडल्याचा आवाज. कात्रीचासुद्धा आवाज नको म्हणून दाताने.

आणि मध्येच, दार उघडल्यावर कुणाला तरी सांगताना: “हळू बोला, आमची सून वाचतेय. नाही हो, पोथी कसली, कादंबरी! मोठी कंपनी आहे. मला इथे बसून फुकटात ऐकायला मिळतं.”

शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये कात्री पडण्याच्या जरा आधी काहीच आवाज नव्हता. चाकही नाही, श्वासही नाही. फक्त सूनबाईचा लांबचा आवाज, रखवालदाराची मुलगी दीपगृहाचा जिना चढतेय. आत्या काम सोडून ऐकत बसल्या होत्या. कात्री मांडीवरून सटकली असणार.

सूनबाईने हेडफोन काढले, तोंडावर पाणी मारलं आणि बस पकडली.

दार आत्यांच्या भाचीने, म्हणजे तिच्या नणंदेने उघडलं. तिला बघून ती म्हणाली, “आलीस? बरं झालं. घेऊन जा हिला. माझ्या घरातली सगळी बटणं घट्ट करून झाली, आता जिन्यात भेटणाऱ्यांच्या कॉलरी बघत असते.” मग आवाज उतरवून, “काय झालंय ते मला सांगत नाहीये. तूही सांगू नकोस. मी वर जाऊन कपडे वाळत घालते.”

आत्या खिडकीजवळ वाटाणे सोलत होत्या. शेंग मोडताना होणारा आवाजही त्या मुठीत दाबत होत्या. इथे तर कुणाचंच रेकॉर्डिंग नव्हतं.

“ये,” त्या म्हणाल्या. “जेवून आलीस?”

“आत्या, माइक उलटा होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्याचं तोंड दाराकडे होतं. मीच तसा लावला होता. तुमचा काही दोष नव्हता, मशीनचा नव्हता, कशाचाच नव्हता. तो मला सोडून तुम्हालाच ऐकत होता.”

आत्यांनी शेंग हातात तशीच धरली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. “अगं बाई! म्हणजे इतके दिवस तू त्याच्या पाठीशी बोलत होतीस? आणि मी आपली जीव मुठीत धरून बसले होते! तरी म्हटलं, एवढा कसला मेला कानाचा तिखट.” त्यांनी डोळे पुसले. “शिकलेली ना गं तू?”

“शिकलेली आहे म्हणून तर कागद वाचला नाही,” सूनबाई म्हणाली, आणि तिलाही हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच अडकलं, कारण आत्यांचं हसू थांबलं होतं.

“आणि सरळ असता तर?” आत्यांनी विचारलं.

सूनबाईने ताटातला एक वाटाणा उचलला आणि परत ठेवला.

“माइक सरळ असता आणि माझी कात्री पडली असती तर, सूनबाई? तर बरोबर होतं का तू बोललीस ते?”

बसमध्ये तिने बरंच काही जुळवून आणलं होतं. बटण कसं वाढवलं, कंपनीच्या बाईंनी कसं परत पाठवलं, चूक कशी कुणाच्याही हातून झाली असती. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. खरं म्हणजे माइक उलटा निघाला तेव्हा तिला थोडं हलकंच वाटलं होतं, की चला, दोष लोखंडाच्या तुकड्यावर टाकता येईल. आत्यांनी तो तिथून उचलून परत तिच्या ओंजळीत ठेवला.

“नाही,” ती म्हणाली. “तरीही नव्हतं. आणि ह्यांना मी सांगितलं की मी काही बोलले नाही. ते पण खोटं होतं. दुकानात मी घर शांत असतं म्हटलं, तेव्हाही तुम्ही शेजारी होतात. मला तुम्ही आठवलाच नाहीत, आत्या.”

“मला कळलं होतं ते,” आत्या म्हणाल्या. “दुखलं जरा. मग म्हटलं, घरातल्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही म्हणजे तो घरातलाच झाला म्हणायचा. अशी समजूत काढली स्वतःची.” त्यांनी वाटाण्यांचं ताट बाजूला सरकवलं. “त्याला खरं सांग. रडत बिडत नाही, जेवताना सरळ सांगून टाक. आणि माझी पुन्हा पुन्हा माफी मागू नकोस, मला कानकोंडं होतं.”

“नाही मागणार. येता ना पण?”

“नर्सचा कोट आला असेल.”

“आलाय. खुंटीला आहे. खांद्यात काचतोय म्हणाली.”

“काचणारच. मी मागेच म्हटलं होतं दोन बोटं सोडू दे, तर म्हणे फॅशन जाईल.” आत्या उठल्या आणि पिशवी शोधायला लागल्या. ती दाराआडच होती, आणि त्यातले कपडे बाहेरच काढलेले नव्हते. त्यांनी पाहिलं की सूनबाईनेही ते पाहिलंय.

“मशीन मी आजच तुमच्या कोपऱ्यात नेते,” सूनबाई घाईघाईने म्हणाली. “पडदे काढते. मी माझं आमच्या खोलीत, कपड्यांचं कपाट उघडून त्यासमोर बसेन. तिथेही कापडंच आहेत. माइकची पाठ दाराकडे करून. तुम्ही पायाने चालवा मशीन, बोला, गिऱ्हाइकांना पाहिजे तेवढं शिंकू दे.”

“मशीन तर मी माझ्या जागेवर नेणारच,” आत्या म्हणाल्या. “ते काही तू द्यायचं नाही आणि मी मागायचं नाही. खिडकीशिवाय मला सुईत दोरा ओवता येत नाही, पॅसेजमध्ये माझे डोळे फुटायची वेळ आली होती. ते सोड.” त्यांनी पिशवीचा बंद बांधला, परत सोडला, परत बांधला. अंगावरचे कपडे सोडून आत्या कुणाकडे काही मागत नसत, आणि तेही दुरुस्तीला. त्यामुळे त्यांना सुरुवात सापडेना.

“त्या मुलीला होडी मिळाली का?” त्यांनी शेवटी विचारलं.

“कुणाला?”

“दीपगृहावरच्या. जिना चढत होती, आणि माझी कात्री पडली. पुढे मला कळलंच नाही. भाचीकडे हे एकच डोक्यात. हिला विचारलं तर म्हणते, आत्या, कसली होडी?”

सूनबाईने नुसती मान हलवली, अजून नाही अशी. अजून मी तिथपर्यंत पोचले नाही अशी.

“मग ऐक,” आत्या म्हणाल्या. “मला बाकी काही नको. तू वाचायला बसशील ना, तेव्हा दार लावून घेऊ नकोस. उघडं ठेव.”